आधी शिवलेला पाचवा फर्मा

१२ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बोटांवरची खळ खरवडत होतो.

प्रिय ताई,

सगळं ठीक ना, असं तू विचारलंस. बाबा ठीक आहेत, मीही ठीक आहे, आणि तरी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. छापखान्याच्या मालकांनी मला बांधणीखात्याचा मुकादम व्हायला सांगितलंय. उत्तर उद्या द्यायचं. अट एकच, त्याच खात्यात शिलाई करणाऱ्या बाबांना घरी बसवायचं आणि ते मीच त्यांना सांगायचं. मालक म्हणाले, मुकादमानं आपला-परका बघायचा नसतो, तिथूनच सुरुवात कर.

त्यांचं अगदीच चुकीचं नाही. बाबांची नजर उतरलीय. फर्मा तुला आठवत असेल, मोठा कागद दुमडून केलेली सोळा पानांची घडी. अशा घड्या ओळीनं रचून शिवल्या की पुस्तक. ती ओळच बाबांकडून चुकते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची शिलाई गुपचूप उसवून पुन्हा शिवतो. परवा मला म्हणाले, अलीकडे माझा हात परत बसलाय बघ. मी नुसती मान डोलावली.

सध्या बांधतोय ते पुस्तक तुला आवडलं असतं. तीन-चारशे वर्षांपूर्वीचे विचारवंत बुद्धी, सत्ता आणि माणसाचा स्वभाव यांवर काय म्हणून गेले, ते सोपं करून सांगितलंय. राजे आणि धर्मगुरू डोक्यावर बसलेले असताना ही माणसं विचारत होती, हे खरं कशावरून. मी सातवीत शाळा सोडलेला, मला सगळं कुठलं कळायला. पण जुळणी तपासताना चार ओळी वाचल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. बाबा टोमणा मारतात, बांधणारा वाचत बसला की गिऱ्हाईक म्हातारं होतं.

आज त्यांचीच एक प्रत तपासली, तर पाचवा फर्मा चौथ्याच्या आधी. त्यामुळे निष्कर्ष आधी आणि त्याची कारणं मागून. उसवायला सुरी घेतली आणि सहज चौथ्यातलं वाचलं. एक जण सांगतो, माणूस बहुतेक असाच चालतो. हवं ते मनात आधी ठरतं, बुद्धीला वकीलपत्र मागाहून मिळतं. सुरी तशीच हातात राहिली.

कारण सकाळपासून मी कारणंच गोळा करत होतो. बाबांच्या डोळ्यांना आराम पडेल. मालक तरी किती दिवस सांभाळून घेतील. दुसरा कोणी मुकादम झाला तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा करील. सगळी खरी आहेत, ताई. पण त्या सगळ्यांच्या आधी मुकादमाची ती काचेजवळची खुर्ची मनात येऊन बसली होती. कोणी नसताना मी तिच्यावर बसूनही पाहिलं. तिथून कामाच्या वेळी प्रत्येकाची वाकलेली मान दिसत असणार. मला बरं वाटलं, हेच वाईट.

मग वाटलं, सरळ नाही म्हणावं. तेही तपासलं, तर आत बाबांशी बोलायची भीतीच निघाली. तिला त्याग म्हणायला बुद्धी एका पायावर तयार. कुठेही हात घातला तरी तेच. त्याच पुस्तकात दुसरा कोणी म्हणतो, सत्ता हातात येणारा माणूस कितीही भला असो, त्याला अडवणारं कोणीतरी हवं. मला अडवणारी तू एकटीच.

खरं सांगतो, हे पत्र मी दुसऱ्याच कामासाठी लिहायला घेतलं. भाच्याला सांभाळायला कोणी नाही असं लिहून तू बाबांना बोलावून घ्यावंस, एवढंच मागायचं होतं. ते आनंदानं निघाले असते, मला तोंड उघडावं लागलं नसतं आणि खुर्चीही मिळाली असती. म्हणजे उलटी शिलाई मी तुझ्या हातून करून घेणार होतो. बोलावू नकोस. ती प्रत न उसवता मी घरी आणलीय. उद्या कामाला निघण्याआधी खिडकीच्या उजेडात त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, बाबा, जरा पाहा. सुट्टीत मी काय करतो तेही सांगेन. काम सोडायचं की कसं, हे ते ठरवतील. मालकांना उत्तर त्यानंतर.

तुझाच,
शेंडेफळ

ता. क. या महिन्याचा खर्च : भाडं नऊशे, किराणा सातशे चाळीस, बाबांचं औषध एकशे दहा. देणं : तुझे दोनशे. मुकादमाच्या वाढीव पगाराची बेरीज दुपारी याच कागदाच्या मागे मांडली होती. खोडलीय, पण अजून दिसते.