न वाचता सही केलेली शिफारस

प्रिय गोगलबाई,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. तुझ्यामुळे मला या वयात, भर उन्हात, एक पाकीट शोधत वणवण करावी लागली. तू फोन बंद करून बसलीस. तुझ्या आईला फोन केला, तर माझी ताई थोरल्या बहिणीच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणते, "तिला सध्या कुणाशी बोलायचं नाहीये, तुझ्याशी तर अजिबातच नाही." मग उरलं पत्र. कागद घरात ढीगभर, पेनं तर मी सभा-समारंभांतून उचलून आणलेली आहेतच, पण पाकीट नाही. पहिल्या दुकानात मिळालं त्यावर फुगे होते. दुसऱ्या दुकानातली मुलगी पाकीट हा शब्द ऐकून पैशांची पाकिटं दाखवायला लागली. तिसऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, काका, कोर्टाचं काम आहे का? म्हटलं, नाही हो, भाची रुसलीय. तेव्हा कुठे त्याने आतून साधं पांढरं पाकीट काढलं आणि म्हणाला, मग मोठंच न्या, रुसव्याला कागद जास्त लागतो. सबब, या पत्राच्या लांबीची जबाबदारी त्या दुकानदाराची.

तू माझ्या घरून अचानक बॅग भरून आईकडे का निघून गेलीस, हे मला तू सांगितलं नाहीस. ते तुझ्या त्या चुळबुळ्या मैत्रिणीकडून कळलं. तुझं राहिलेलं पुस्तक न्यायला ती आली होती. तिला चहा दिला. अर्ध्या कपात तिने सगळं ओकून टाकलं. म्हणजे असं, की उन्हाळ्यातल्या त्या संशोधन फेलोशिपच्या अर्जाला शिफारसपत्र हवं होतं. ते मागायला तू तुझ्या सरांकडे गेलीस. सर एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये चालले होते. ते म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. ही तुमच्या कॉलेजातली जुनी वहिवाट आहे म्हणे. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्याच हाती वस्तरा द्यावा, तसं. बाकीच्या पोरांनी स्वतःला यथेच्छ मखरात बसवून घेतलं. तुझ्या मैत्रिणीने तर स्वतःबद्दल ‘अशी बुद्धी मी तीस वर्षांत पाहिली नाही’ असं लिहून त्यावर सही आणली. आणि तू काय लिहिलंस? विद्यार्थिनी कामाला हळू आहे. तिच्या डबीला भोकं कमी पडल्यामुळे दोन गोगलगायी दगावल्या. तिचा मुख्य अंदाज चुकीचा ठरला. तरी तिला यायची फार इच्छा आहे. सरांनी खाली झोकदार सही ठोकली आणि ते रवाना झालं. नंतर मैत्रिणीने तिचं पत्र दाखवलं, तेव्हा तुला कळलं की शिफारसपत्रात शिफारस करायची असते. त्याच दिवशी तू अर्ज मागे घेते असा मेल टाकलास आणि घर गाठलंस.

मैत्रीण गेल्यावर मी हसलो, हे कबूल. पण मग लक्षात आलं, ही चूक आपल्याच घरातलं माणूस करू शकतं. जगात दुसऱ्या कुणाची एवढी तयारीच झालेली नसते. तुझी आजी, म्हणजे माझी आई, सांगायची की आपणच आपली पाठ थोपटायला गेलं तर हात निखळतो. आपल्याकडे पोरगं पहिलं आलं, तर बाकीची आजारी होती का, असं विचारायची पद्धत. नवीन शर्टाला कुणी छान म्हटलं, तर शिवण कुठे उसवलीय ते दाखवायचं. ताई बँकेत मॅनेजर झाली, तेव्हा तिने घरी बातमी कशी दिली ठाऊक आहे? म्हणाली, आता यायला उशीर होत जाईल. बस्स. एवढ्या भांडवलावर वाढलेल्या मुलीला कुणी सांगितलं की स्वतःची स्तुती लिहून आण, तर तिने दुसरं काय लिहावं? तू लबाडी केली नाहीस, नम्रपणाही केला नाहीस. बाई, तू इमानेइतबारे हिशेबतपासणी केलीस, तीही सरांच्या नावाने.

त्यातल्या ‘अंदाज चुकला’वर तू फार जीव जाळते आहेस असं दिसतं. तो चुकला तो दिवस मला चांगला आठवतो. मागच्या टाकीजवळच्या भिंतीवरच्या तुझ्या त्या, ओळखू याव्यात म्हणून रंगाचे ठिपके लावलेल्या गोगलगायी रात्रभर भटकून पहाटे बरोबर त्याच पाइपामागे परततात. स्वतःचाच चिकट माग धरून येतात, असं तुझं म्हणणं. महिनाभर ते जुळत होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता रंगवून तयार होता. अक्षरं माझ्याकडून गिरवून घेतलीस, माझी पाठ धरली होती. आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तुला बुद्धी झाली की भिंत घासून धुवावी, माग पुसून टाकावा आणि मग काय होतं ते बघावं. सकाळी त्या सगळ्या निर्लज्जपणे त्याच पाइपामागे हजर! तू पायरीवर बसून राहिलीस. मला वाटलं, आता रडणार. मी सांत्वनाचं वाक्य जुळवत होतो. माझ्या धंद्यात त्याची सवय नाही, त्यामुळे वेळ लागला. तोवर तू उठून कागदाची एक पट्टी कापलीस, निष्कर्षावर चिकटवलीस आणि त्यावर लिहिलंस, ‘माझा अंदाज चुकला. माग पुसला तरी त्या येतात. का येतात ते मला माहीत नाही.’ बक्षीस दिवे लागणाऱ्या धरणाला मिळालं. प्रदर्शन बघायला आलेले तुझे बाबा जेवताना म्हणाले, अगं, चुकलं ते लिहायचं कशाला, न लिहिताही ते चुकलेलंच राहिलं असतं की. आम्ही सगळे हसलो. तूही हसलीस, आणि हात धुऊन टॉर्च घेऊन पुन्हा मागे गेलीस.

आता मुद्द्यावर येतो. काल दुपारी एक फोन आला. बाईंचा आवाज असा, की मी बसल्या जागी सरळ झालो. त्या प्रयोगशाळेतल्या मॅडम, ज्यांच्या हाताखाली तुला उन्हाळाभर काम करायचं होतं. अर्जात पालकाच्या रकान्यात तू माझा नंबर दिला होतास. त्यांनी विचारलं, तुम्ही तिचे कोण? म्हटलं, मामा. काय करता? म्हटलं, वर्तमानपत्रात लोकांची टर उडवतो. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? मी म्हटलं, अगदी बेताचाच. मग त्या थोड्या मऊ झाल्या. म्हणाल्या, माझ्यापुढे शिफारसपत्रांचा गठ्ठा आहे. सगळी मुलं अलौकिक आहेत. एका प्राध्यापकाने तर एकाच वर्षी चौघांना आजवरचा सर्वोत्तम विद्यार्थी म्हटलंय. आणि त्यात हे एक पत्र. या सरांना डबीची भोकं तपासायला वेळ कधी मिळाला हो? त्याच म्हणाल्या, कळलं मला, पोरीनेच लिहिलंय. नियमाने हे पत्र मला धरता येणार नाही, सरांशी मी वेगळं बोलेन. पण तिला काम करताना ज्याने डोळ्यांनी पाहिलंय अशा कुणीतरी चार ओळी लिहून द्या. आणि तिचा माघार घेतल्याचा मेल आलाय, तो मी अजून उघडलेला नाही. शुक्रवारपर्यंत तो उघडायला मला वेळ मिळणार नाही. तोवर तिने स्वतः लिहावं, अजून यायचंय की नाही. निवड होईलच असं नाही, एवढंही सांगून ठेवा तिला. मी म्हटलं, ते आमच्या घरात सांगावं लागत नाही.

तेव्हा हे पत्र एवढ्याचसाठी, की फोन चालू कर आणि शुक्रवारच्या आत मॅडमना लिही. यायचं असेल तर यायचंय म्हण, त्यापुढे ‘पण’ लावू नकोस. माझ्या चार ओळी मी आज सकाळी पाठवल्या. त्यांत भिंत धुतल्याचं लिहिलंय, आणि कापून चिकटवलेल्या पट्टीवरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय. शेवटी लिहिलं, ‘ही मुलगी स्वतःला खोटं ठरवणारी गोष्ट आपण होऊन शोधायला जाते. आमच्या धंद्यातही असं माणूस मी पाहिलेलं नाही.’ संपूर्ण पत्रात एकही विनोद नाही. दोनदा तपासलं. आणि हो, डोळ्याच्या ऑपरेशननंतर मला पट्टी होती, तेव्हा माझे लेख तू उतरवून घ्यायचीस. मी बोलेन तेवढंच, पदरचा एक शब्द न घालता, अगदी माझं फसलेलं वाक्यही तसंच. म्हणून तू गेल्यापासून रोज अंधार पडला की टॉर्च घेऊन मी टाकीमागे जातो, आणि पहाटे पुन्हा. वरच्या काकूंना वाटतंय मला वेड लागलंय. कोणती कुठे गेली, कोणती कधी परतली, सगळं लिहून ठेवलंय. निळ्या ठिपक्याची दोन दिवस दिसली नाही. ती पाइपामागेच असणार असं मला फार वाटत होतं, पण लिहिलं ‘दिसली नाही’ एवढंच. तुझ्या नोंदीत खंड पडलेला नाही. फिटंफाट.

तुझाच,
मामा