शेवटचा मुलगा येईपर्यंत

३ जून
लागलो बुवा एकदाचा कामाला. कोट्टयमच्या बस स्टँडमागे ऑफिस, खाली केळ्याच्या भज्यांची टपरी, आणखी काय हवं! भाड्याची खोली मिळाली, आईला, आमच्या अम्मचीलाही गावाहून घेऊन आलो. काम सोपं आहे. चर्चच्या वेबसाइटवर कुणी वारल्याची नोंद झाली, की आमच्या सर्व्हरवरचा कोड परदेशातल्या मुलांना ईमेल धाडतो. आमच्याकडे शेवटचं मूल पोचेपर्यंत प्रेत शवागारात थांबतं, मगच दफन. आमचे साहेब कुरियन सार म्हणाले, एक मेल चुकला तर माती खोळंबते, तेव्हा चाचणी नीट घे.

५ जून
कोड लिहिला. चाचणीला मयताचं नाव हवं होतं. मी पडलो आळशी, अम्मचीचंच टाकलं. पत्ता दोहातल्या धाकट्या भावाचा, जोजीचा. मेल खरंच गेला. जोजीने फोनवर आधी हंबरडा फोडला, मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्या त्याच्याही आहेत हे विसरून. अम्मची पोट धरून हसली. म्हणाली, पोराचं रडणं जिवंतपणीच ऐकलं, आता मरायला मोकळी. शेजारच्या टेबलावरची बिन्सीचेची, ऑफिसात सगळ्यांची ताई, ती मात्र हसली नाही. घरचं नाव कुणी टाकतं का, म्हणाली आणि उठून गेली.

८ जून
जोजीला तोच मेल पुन्हा गेला. कोड पुसून टाकला, तरी दुपारी परत गेला. अम्मचीला कणकण वाटते म्हणून कपाळाला हात लावला, तर बर्फ. डॉक्टरला नाडी सापडेना. तो आपल्या यंत्रालाच नावं ठेवत बसला.

१० जून
सर्व्हर बंद केला, वायरसुद्धा उपटली. जोजी म्हणतो, आता तासातासाला येतोय. बिन्सीचेचीला गाठलं. माझ्याआधी या जागेवर होता त्यानेही चाचणीला बापाचं नाव टाकलं होतं म्हणे. बाप कित्येक महिने तसाच बसून, गार. त्याची मुलगी कॅनडाहून आली त्याच दिवशी बाप मेला. जोजीला बजावलं, काही झालं तरी येऊ नकोस.

११ जून
अम्मची जेवत नाही. पांढरं चट्टा-मुंडू, आमच्या जुन्या ख्रिस्ती बायकांचा पोशाख, नेसून सरळ पडून असते. जोजी आला का, एवढंच. फार गारठलेय रे, म्हणते, बोलव त्याला. मी कसं बोलवू — मला भीती वाटते.

१२ जून
तिकीट काढलं त्याने. म्हणतो, आईच्या मातीलाही येऊ देत नाहीस, भाऊ आहेस की वैरी. अरे बोलतेय ती — फोन तिच्या तोंडाशी धरला. त्याला काही ऐकूच गेलं नाही.

१३ जून
टॅक्सी आली. कडी लावलीय. जोजी दार बडवतोय, रडतोय. अम्मची उठून बसली — हसतेय. उघड म्हणते. नाही उघडणार, मेलो तरी — अम्मची, नको, पाया पडतो — ती स्वतःच कडी —