तुझ्या ऐवजी दिलेलं उत्तर

आई, कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठले, तेवढ्यात तुझ्या नातीनं माझं उत्तर तपासलंसुद्धा. "मम्मा, यू डिड इट अगेन. परत मुलालाच विचारलंस." ती सोळा वर्षांची आहे, तू गेल्यावर दोन वर्षांनी झाली. ओट्याला टेकून मला सरावाचे प्रश्न वाचून दाखवते. "ऐंशी वर्षांची बाई. सोबत मुलगा. तोच सगळं बोलतो. सोशल वर्करनं आधी काय करावं? आणि तू म्हणतेस, मुलाला विचारावं." मी म्हटलं, "अगं, औषधं, डॉक्टर, सगळं मुलालाच माहीत असतं." "बट ही इज नॉट द क्लायंट, यार."

उद्या सकाळी सोशल वर्करच्या परवान्याची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात मी ज्या संस्थेत आपल्याकडच्या वयस्कर माणसांसाठी काम करते, तिथे मी तात्पुरत्या परवान्यावर आहे आणि त्याची मुदत या महिन्यात संपते. नापास झाले तर काम जाईल. परीक्षा चार तासांची. चार-पाच ओळींत कुणाची तरी अडचण सांगतात, खाली उत्तरं देतात, आणि सगळीच बरोबर वाटतात. विचारतात एवढंच, की यांतलं आधी कुठलं. काही प्रश्नांचे गुण धरतच नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहत असतात. ते कुठले, हे सांगत नाहीत. माझ्यात माया किती आहे हे ही परीक्षा मोजत नाही. पहिल्या दिवशी एकटीला कामावर सोडलं तर माझ्या हातून कुणाचं नुकसान होणार नाही ना, एवढंच मोजते. दोनदा नापास झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की प्रश्न अमेरिकन आहेत, आपल्या घरांना लागू पडत नाहीत.

तूही सोशल वर्करच होतीस, पण असली परीक्षा दिली नव्हतीस. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तुला एक टेबल होतं, दोन खुर्च्या आणि एक बाक. शाळा सुटली की मी त्या बाकावर येऊन बसायची. एक दिवस हात मोडलेली एक सून आली, सोबत सासू. सासू म्हणते, "बाई, पडली ती न्हाणीत. मी सांगते ना सगळं." तू म्हणतेस, "सांगितलंत की, काकू. आता जरा खाली जाऊन एक्स-रे तयार झाला का बघून या." सासू उठते. आणि मी, नऊ वर्षांची, म्हणते, "आई, एक्स-रे तर तुझ्या टेबलावरच आहे." सासू पुन्हा बसली. सुनेनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बसस्टॉपवर तू म्हणालीस, "ती आता बोलणार होती." आवाज चढला नव्हता. मला वाटलं, तू खोटं बोललीस आणि रागावतेस मात्र माझ्यावर. त्या बाईचं पुढे काय झालं, हे तुलाही कधी कळलं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी तू आजारी पडलीस आणि मी इथून तीन आठवड्यांच्या रजेवर आले. फाइल माझ्या हातात, प्रश्न माझे, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारी मी. काका-मामा म्हणत होते, "पोरगी आली, आता काळजी नाही." डॉक्टर तरुण होते. त्यांनी फाइल मिटली, माझ्याकडे न बघता तुला मराठीत विचारलं, "ताई, पुढची केमो घ्यायची का? तुम्हाला काय वाटतं?" तू पदर सारखा केलास. बोलायच्या आधी तू नेहमी तसं करायचीस. मी म्हणाले, "घेणार. आमचं ठरलंय." डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग खिडकीकडे. त्यानंतर दोन वेळा तुला सलाइन लावलं. तिसऱ्याची वेळ आली नाही. ते दिवस तू उलट्या करण्यात घालवलेस. घरी झोपाळ्यावर बसून घालवता आले असते.

एवढी वर्षं मी म्हणत आले, की घाबरून गेले होते, सुचलं नाही, आपल्याकडे मुलंच बोलतात. आज वरण उतरवताना लक्षात आलं, की या परीक्षेत मी चुकते तो प्रश्न दर वेळी एकच असतो: आधी कुणाला विचारायचं. पत्र लिहायचं कारण हेच आहे. पाठवायला तर पत्ता नाही. त्या दिवशी तू डॉक्टरांना काय म्हणणार होतीस हे मला माहीत होतं, आई. म्हणूनच मी आधी बोलले.

हे पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय: सकाळी परीक्षा दिली. निकाल तिथेच कळतो, पास झाले; या वेळी मी आधी त्या बाईलाच विचारलं होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसून सीटबेल्ट लावला आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.