बाबांचे थेंब आणि तुझी विश्रांती

धाकट्या,

तुझी संध्याकाळची दिनचर्या भलतीच शिस्तीची आहे. दिवे मंद, फोन कपाटात कुलूपबंद, दारावर ‘विश्रांती सुरू’ अशी पाटी. बाबांच्या डोळ्यात थेंब घालायची आठवण मात्र त्याच फोनवर लावलीस, हुशार माणसा. मी आले तेव्हा ऑपरेशन झालेला डोळा झाकून ते थेंबांची बाटली घेऊन तुझ्या दाराशी बसून होते. दुसऱ्या डोळ्याने पाटी वाचली, म्हणून दार वाजवलं नाही.

डोळा लालभडक झालाय. त्यांना डॉक्टरकडे नेतेय, तिथून माझ्या घरी. तुला उठवणार होते, तर बाबाच म्हणाले, “राहू दे गं, त्याच्या झोपेची घडी आत्ता कुठे बसतेय.”

त्यांचे कपडेही नेतेय. आता तुझ्या विश्रांतीत कुणाचं खोकणंसुद्धा येणार नाही.

ताई