डोळ्यांखालच्या पिशव्यांचं कुणाला सांगायचं

३ मार्च

निर्णय झाला. डोळ्यांखालच्या पिशव्या काढून टाकायच्या. ऑपरेशन करून.

कारण: आज पासपोर्ट फोटोसाठी एक बाई आल्या. मी म्हणालो, मान सरळ, हनुवटी जरा खाली. त्या म्हणाल्या, तुम्हाला बरं नाहीये का, मी उद्या येऊ का? मी अगदी ठणठणीत होतो. सकाळीच दोनदा जिना चढलो होतो. (एकदा चष्मा विसरला म्हणून.)

तीस वर्षं या स्टुडिओत मी लोकांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या माउसने पुसतोय. चार क्लिक, की माणूस दहा वर्षांनी लहान. स्वतःच्या मात्र तशाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

प्रश्न एवढाच, की मित्रांना सांगायचं का? अर्थात सांगायचं. पोटात एक आणि ओठांवर एक हे आपल्याला जमत नाही. उद्या संध्याकाळी सहाला बागेतल्या बाकावर सांगून मोकळा होतो.

४ मार्च

सांगितलं नाही. मास्तरांचा गुडघा दुखत होता. मास्तर म्हणजे निवृत्त मास्तर, भूगोलाचे. समोरचा माणूस गुडघा धरून बसलाय आणि आपण दिसण्याच्या गोष्टी काढायच्या, हे बरं दिसत नाही.

शिवाय चष्मेवाला. याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारतो, म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. उरलेला अर्धाही समजतो. त्याला सांगायचं तर आधी अभ्यास हवा. अभ्यास करून सांगेन.

६ मार्च

आज सांगणारच होतो. पण बाकावरची चौथी जागा दिसली आणि टोपी आठवला.

टोपी आमच्यातला चौथा. घड्याळं दुरुस्त करायचा, अजूनही करत असेल. आठ वर्षांपूर्वी एके दिवशी डोक्यावर केसांचा टोप घालून आला. कुणीच काही बोललं नाही. मग मी बोललो. 'टोपी' हे नावही माझंच. दोन वर्षं रोज एक विनोद केला, पैकी बरेचसे चांगले होते. एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला, तेव्हा मी ओरडलो, धरा धरा, साहेब उडाले! पोरंसोरंसुद्धा हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणसाला थोडी विनोदबुद्धी हवी.

आता या दोघांनी मला 'पिशवी' म्हणायला सुरुवात केली तर? मला चालेल. मला विनोदबुद्धी आहे.

तरी आज नको.

९ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्या मुलापेक्षा लहान दिसतात. मी म्हणालो, ऑपरेशन केलंय हे कुणाला कळता कामा नये, पण फरक मात्र सगळ्यांना दिसला पाहिजे. डॉक्टर म्हणाले, ही दोन वेगवेगळी ऑपरेशनं आहेत. हुशार माणूस. एकोणीस तारीख ठरली.

घरी बायकोला सांगितलं. ती लायब्ररीत नोकरी करते, घरीही पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, तुमचे डोळे, तुमच्या पिशव्या. तिला शपथ घातली, माझ्या परवानगीशिवाय कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. म्हणाली, बरं.

न सांगण्याचा निर्णय झाला असं नव्हे. सांगण्याची वेळ मी ठरवणार, एवढंच.

१४ मार्च

मित्रांना सांगितलं, की बाहेरगावी नव्या कॅमेऱ्याचं ट्रेनिंग आहे, बारा दिवस. याला खोटं म्हणता येणार नाही. नवा कॅमेरा खरंच बाजारात आलाय.

१९ मार्च

झालं. मोठ्या अक्षरात लिहितोय. नीट दिसत नाही. बर्फ.

२१ मार्च

चेहरा जांभळा. कडेने हिरवा. बायको म्हणते, कुस्ती हरल्यासारखे दिसता. मी म्हणालो, जिंकणाऱ्यालाही लागतंच. ती म्हणाली, हो, पण इतकं नाही.

संध्याकाळी चष्मेवाला घरी टपकला. स्टुडिओला कुलूप दिसलं म्हणे. ट्रेनिंगला गेलेल्या माणसाच्या स्टुडिओला कुलूप नाही तर काय दिसणार? मी आतून बायकोला बर्फ आण म्हणून हाक मारली, तेव्हा तो दारात होता हे मला माहीत नव्हतं. त्याने विचारलं, वहिनी, काय झालंय याला? ही म्हणाली, भावजी, मला काही बोलायची परवानगी नाही.

धन्य ती बाई. शब्दाला पक्की.

२ एप्रिल

बाकावर परतलो. काळा चष्मा. मी आलो तसे दोघे बोलायचे थांबले. मास्तरांनी आपली सावलीतली जागा मला दिली. एकोणीस वर्षांत प्रथमच! व्यक्तिमत्त्वाचा परिणाम म्हणतात तो हा.

चष्मेवाला म्हणाला, चष्मा काढ बघू. काढला. त्याने माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली आणि गप्प झाला. हा माणूस गप्प होत नसतो. मग हळूच विचारलं, पाणी किती पितोस रे? म्हणजे त्वचेचा तजेला त्याच्या लक्षात आलाय. कारण मात्र कळलं नाही. डॉक्टरांचं कौशल्य!

सांगायची गरजच काय? उगाच त्यांना न्यूनगंड यायचा.

५ एप्रिल

मास्तर आज मला बाजूला घेऊन म्हणाले, एक गोष्ट मनावर आहे. गेली कित्येक वर्षं मी नळावर पाणी प्यायला गेलो, की ते बुद्धिबळाच्या पटावरचं एखादं प्यादं सरकवतात. क्वचित उंटही. क्षमा कर म्हणाले. डोळ्यांत पाणी.

माझ्या चेहऱ्यात आता असं काहीतरी आलंय, की लोकांना मन मोकळं करावंसं वाटतं. पूर्वी पिशव्यांमुळे ते झाकलं जायचं. (तरी म्हटलं, मी हरत कसा होतो!)

८ एप्रिल

चष्मेवाल्याने माझ्यासाठी बिनमिठाची बिस्किटं आणली. पुठ्ठा चावल्यासारखी. तो म्हणतो, आता हीच खात जा.

गंमत म्हणून मी म्हणालो, ऑस्ट्रेलिया म्हणजे शेवटी एक बेटच. एरवी यावरून मास्तर पाऊण तास उभे राहून बोलले असते. आज नुसती मान हलवली. म्हणाले, तू म्हणतोस तर बेट.

हे जरा अति वाटलं. पण आदर हा आदर असतो.

११ एप्रिल

टोपी आला.

सहा वर्षांनी. टोप नाही, चक्क टक्कल. माझ्याशेजारी बसला आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, तुझ्या बोलण्याने तेव्हा फार लागलं होतं. बायको गेल्यानंतर आरशात बघवत नव्हतं, म्हणून टोप केला होता. ते जाऊ दे आता. चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. किडन्या गेल्यात ना?

मी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, डोळ्यांखालची ही किडनीची सूज मी दारातूनच ओळखतो.

ही सांगायची वेळ होती. मान्य. पण एक माणूस सहा वर्षांचा राग सोडून आलाय, हात हातात आहे, अशा वेळी त्याला म्हणायचं का, की मी छान दिसायला गेलो होतो? तेही टोपीला? मी नुसता उसासा टाकला. मग थोडा खोकलो. किडनीच्या आजारात खोकतात की नाही, ते बघायला हवं.

त्याची बायको गेली हे मला माहीत होतं. टोप त्यानंतरचा, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

१२ एप्रिल

झोप नीट लागली नाही. डोळे पूर्ण मिटत नाहीत, हे एक कारण.

प्लॅन केलाय. सांगायचं काहीच नाही. हळूहळू बरं व्हायचं. आठवड्याला थोडं थोडं. पावसाळ्यापर्यंत पूर्ण बरा. डॉक्टरही थक्क झाले म्हणायचं. कुणाचं मन मोडणार नाही, कुणाला लाज नाही. बायकोला प्लॅन सांगितला. तिने पुस्तक मिटलं. ती पुस्तक मिटते तेव्हा मला भीती वाटते. म्हणाली, त्या माणसाला खरं सांगा. मी म्हणालो, योग्य वेळी.

१५ एप्रिल

बरं होण्याचा पहिला दिवस. ताठ चालत बाकावर गेलो. टोपी नव्हता. मास्तर म्हणाले, उद्या सकाळी नऊला त्याला मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. तो तुला एक किडनी देतोय. तुला सांगू नका म्हणाला होता.

त्याचा फोन नंबर मागितला. देईनात. म्हणाले, तू त्याला अडवशील.

मग मी सांगितलं. सगळं. किडन्या शाबूत आहेत, पिशव्या काढल्यात, सुंदर दिसावं म्हणून, हौसेने. बारा दिवस घरीच होतो. ट्रेनिंग वगैरे काही नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाला प्रेमाने म्हणाला, अरे, पैसे मोजून असं कोण दिसायला जाईल?

मी म्हणालो, पुरावा देतो. मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचा बाकावरचा फोटो काढला आणि चेहऱ्याशेजारी धरला, आधीचा आणि नंतरचा. धरल्यावर लक्षात आलं. माझा एकही फोटो माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. फोटोतला मी जेमतेम चाळिशीचा. पिशव्यांचा मागमूस नाही. मास्तरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंड फिरवलं. चष्मेवाला म्हणाला, वर्षभरात किती खंगलास रे.

बायकोला फोन लावला. स्पीकरवर टाकला. म्हणालो, तुला परवानगी आहे, सांग. तिने खडा न खडा सांगितलं, बर्फासकट. मास्तर फोनकडे वाकून म्हणाले, वहिनी, इतका धीर आणता कुठून हो?

१६ एप्रिल

आठ वाजताच हॉस्पिटलात पोहोचलो. टोपी माझ्याआधी आलेला. बाहेरच्या बाकड्यावर एकटा बसला होता, बाही दंडापर्यंत वर, बोटाला कापूस. मी काही बोलायच्या आत म्हणाला, नाही चालणार रे माझी. साखर निघाली. भरपूर. मला ठाऊकच नव्हतं. मधुमेहवाल्याची किडनी घेत नाहीत.

आणि रडायला लागला. मला म्हणाला, माफ कर.

म्हणजे सुटलो होतो. आता सांगायचं काही कारणच उरलं नव्हतं. किडनी नको, तपासणी नको, घरी जाऊन पावसाळ्यापर्यंत बरं व्हायचं, प्लॅन जसाच्या तसा. हे सगळं माझ्या लगेच ध्यानात आलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

पण तो माझी माफी मागत होता. तो. माझी. मला ते सहन झालं नाही.

त्याला सांगितलं. मास्तरांना सांगितलं तसं नाही, खाली मान घालून. आजारबिजार काही नाही. पिशव्या होत्या, बाहेर जायची लाज वाटायची, म्हणून काढल्या. मग काढल्याचीही लाज वाटली. तुला दोन वर्षं जे बोललो ते सगळं मला कुणी बोलेल, याची भीती वाटत होती. चुकलो. तेव्हाच चुकलो होतो.

मला वाटलं, उठून जाणार. गेला असता तरी त्याचं काही चुकलं नसतं. त्याने डोळे पुसले, शर्टाच्या खिशातून घड्याळवाल्यांचं भिंग काढलं आणि आपल्या डोळ्याला लावलं. माझी हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला. एक डोळा पाहिला. दुसरा पाहिला. पुन्हा पहिला. येणारेजाणारे बघत होते.

टाक्यांच्या खुणा आहेत, म्हणाला. बारीक काम आहे. मग भिंग काढून खिशात ठेवत म्हणाला, डावा जरा कमी काढलाय.

नंतर दोघे हसलो. तो जास्त हसला, त्याचा हक्कच होता. घराकडे चालत निघालो. त्याला बजावलं, साखरेची औषधं आजच सुरू कर. तसं पाहिलं तर माझ्या ऑपरेशनमुळेच त्याची साखर वेळेवर सापडली. हे मी त्याला बोललो नाही. उगाच मोठेपणा कशाला?

१७ एप्रिल

आरशासमोर पट्टी धरून मोजलं. डावा खरंच कमी काढलाय. दीड मिलिमीटर तरी.

डॉक्टरांना फोन केला. मंगळवारी या म्हणाले, पुन्हा किरकोळ टाके पडतील, आठवडाभर सूज राहील. मास्तरांना आणि चष्मेवाल्याला काय सांगायचं, ते सोमवारी ठरवू.