आवाज थांबला की बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ताटात भाकरी आली, पण थापल्याचा आवाज आला नाही. सुमनला विचारलं, लाटलीस का. म्हणाली, भाकरी कुणी लाटतं का. मग परात बदलली असणार, नाहीतर खाली फडकं घातलं असणार. उठून पाहिलं. परात तीच. फडकं नाही.

सुमनचा, बायकोचा, हात मला पाठ आहे. तीन थापा हलक्या, चौथी जड, मध्येच बांगड्या मागे सारल्याचा एक झटका. आईच्या दोन हलक्या नि एक जड. बहिणीचा हात पन्नाशी आली तरी बसलेला नाही. डोळे मिटून सांगेन कोण थापतंय.

हल्ली ही हळू थापत असेल. थंडी पडलीय, मनगट दुखत असेल. विचारायचं राहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

देवळाली प्रवराहून उसाच्या मळ्यावरची पाण्याची मोटार वर्कशॉपात दुरुस्तीला आली. तक्रार एवढीच, 'कायतरी वाजतंय.' आमच्या क्वालिटीच्या मॅडम (इंजिनिअर, वय सव्वीस, मला काका म्हणतात) कंपन मोजायचं यंत्र लावून आकडे लिहीत बसल्या. मी पेचकस घेतला, साधा स्क्रूड्रायव्हर. टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ डाव्या कानामागच्या हाडावर. चार सेकंद. बाहेरच्या कडीला ओरखडा, पंख्याकडच्या बाजूला. उघडून पाहिलं. तिथेच.

मॅडम म्हणाल्या, काका, यंत्रानंही हेच सांगितलं असतं. म्हटलं, सांगितलं असतं की, जेवणाच्या सुट्टीनंतर.

नववी नापास माणूस मी. मोटारीचं सगळं इंग्रजी पुस्तकांतून, शेजारी शब्दकोश ठेवून शिकलो. उजवा कान सातव्या वर्षी गालगुंडात कायमचा गेला. जे काही केलं ते एकट्या डाव्यावर. तो शाबूत आहे. आज परत सिद्ध झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

मिरजगावहून आईचा फोन. तिकडे रेंज खराब. मी हं, हं करत राहिलो. शेवटी सुमननं फोन हातातून काढून घेतला. तिच्या हातात गेल्यावर रेंज आली.

आईचा फोन झाला की हंडा आठवतो. गावच्या नळाखाली हंडा लावून मी लांब चिंचेखाली गोट्या खेळायचो. आधी पाणी भद्द पडतं. हंडा भरत जाईल तसा आवाज वर चढतो, बारीक होतो, गळ्याशी आला की जवळजवळ शीळच. शिळेच्या आत पळत जाऊन नळ बंद करायचा. थेंब सांडला नाही कधी. आई नळावरच्या बायांना सांगायची, "माझ्या पोराच्या कानाला डोळं हायती." माझी शाळा ती. बाकीची नुसती हजेरी.

आज मुद्दाम बादली लावून बाथरूमच्या बाहेर उभा राहिलो. पाणी उंबऱ्यावरून पायाला लागलं तेव्हा कळलं. नळाच्या तोंडाला जाळी आहे, तिनं आवाज मरतो. जाळी काढून परत बघायला हवं.

काढली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या हाताखालच्या गणपतच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टा आणि पुलीमध्ये गेली. बटण मी दाबलं.

क्रमाने लिहितो. मोटार चालवून बघतो त्या टेबलाची आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचा हात पट्ट्यात, त्यानं 'हात हाय, हात हाय' म्हणत राहायचं. हात बाहेर काढला की गप्प व्हायचं. आवाज थांबला की बटण. ही रीत मीच घातली, तेरा वर्षांपूर्वी. मॅडम नव्या आल्या तेव्हा स्विचला कुलूप लावा म्हणाल्या होत्या, ज्याचा हात आत त्याच्या खिशात किल्ली. मी हसलो होतो. म्हटलं, कुलूप लावायला माणूस विसरतो, तोंड चालवायला विसरत नाही.

आज मी बटणापाशी, डोळे मीटरवर, पाठ गणपतकडे. तो पट्टा चढवत होता. मी थांबलो. सगळं शांत होतं. दाबलं.

अनामिकेचं एक पेर गेलं. मधल्या बोटाला टाके. दवाखान्यात शेठनी विचारलं तेव्हा गणपत म्हणाला, माझीच चूक, म्हनायचं इसरलो. मी तिथंच त्याला बोललो. चार माणसांत. रीत काय शोभेला घातलीय का, म्हणालो. त्यानं मान खाली घातली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कामात लक्ष नाही. तेरा वर्षांत गणपत एकदाही विसरला नव्हता. पट्टा चढवून झाल्यावरसुद्धा दोनदा जास्तच म्हणायचा. सगळे त्याला हसायचे.

कालच कसा विसरला

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुमन म्हणाली, घसा दाखवायचाय, सोबत चला. नंबर आला तसं डॉक्टरांना म्हणाली, यांचा कान बघा. दसऱ्यापासून मी यांच्याशी मागून बोलणं सोडून दिलंय.

चिडलो. डॉक्टर तरुण, नव्या बुटातला. त्याला सरळ सांगितलं की अकरा दिवसांपूर्वी मी बेअरिंगचा ओरखडा चार सेकंदांत सांगितलाय. कसा, त्यानं विचारलं. पेचकस कसा धरतो ते दाखवलं. त्यानं आपटल्यावर घुमणारा ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर मारला, डाव्या कानासमोर धरला. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, नीट लागला नसेल. मग त्यानं त्याचा बुंधा कानामागच्या हाडावर टेकवला. खणखणीत. परत समोर धरला, गेला. हाडावर, आला.

त्यानं तोंड उघडायच्या आत मला कळलं. मी रोज परीक्षा घेत होतो ती हाडाची. हवेतून येणारं सगळं कधीपासून आटत चाललंय ते कळायला मला वाटच नव्हती, आणि रोज स्वतःला पैकीच्या पैकी मार्क देत होतो.

गणपत म्हणत होता. हात हाय, हात हाय. म्हणतच होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्र समोर आहे. कानात तीन हाडं. शेवटचं तांदळाच्या कणीएवढं. ते जाम झालंय. साध्या भाषेत, बेअरिंग धरलं. मागची नस अजून बरी, पण कानाच्या आलेखात तीही उतरायला लागलेली. म्हणजे आज पेचकसानं येतं ते उद्या तसंही येणार नाही. उद्या म्हणजे कधी, ते सांगत नाहीत.

ऑपरेशन असतं. जाम हाड काढून जागी बारीक दांडी बसवतात. पण ते दोन कानवाल्यांना. एकच कान असेल तर शहाणा माणूस त्याला हात लावत नाही, म्हणाले. दगा क्वचित होतो, पण झाला तर उरलंसुरलंही जातं, आणि मग कानाच्या मशीनचाही उपयोग नाही. मशीन लावा, म्हणाले.

मी जाम बेअरिंगवर कधी कुणाला नुसतं तेल घालायला सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

नागापूरला गणपतच्या खोलीवर गेलो. हात गळ्यात बांधलेला. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि आत गेली. मी म्हटलं, तू म्हणत होतास. तो माझ्या डाव्या बाजूला सरकून बसला आणि मोठ्यानं, सावकाश बोलला.

"म्हनत हुतो मिस्त्री. बोटं जाईस्तवर म्हनत हुतो."

विचारलं, शेठना खोटं का सांगितलंस.

"दोन महिनं झालं आमा समद्यांला म्हाईत हाय. तुमाला सांगनार कोन? तुमीच आमाला कानानं वळखता."

माझ्याकडून माफीचा शब्द निघेना. निघाला तेव्हा मलाच फार मोठा ऐकू आला. माझा आवाज मला हल्ली फार मोठा येतो. गणपत म्हणाला, हळू बोला, पोरगी झोपलीय. मग दोघंही चहा प्यायलो. तो डाव्या हातानं कप धरत होता, सांडत होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेठना खरं सांगितलं. बटणाचं काम सोडलं. शेठ म्हणाले, पेचकसाचं काम तुझंच, जोवर जमतंय तोवर. 'जोवर' त्यांनी हळू म्हटलं असणार. ओठांवरून कळलं.

मॅडमनी स्विचला लाल कुलूप आणून लावलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, मंगळवार

मशीन लागलं. घरी आलो, सुमननं मुद्दाम माझ्यासमोर परात घेतली. थाप, थाप, थाप, थाप. चारही सारख्या. पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारख्या. हलकी कुठली, जड कुठली, सांगता येईना. ती तोंडाकडे बघत होती. म्हटलं, छान येतंय.

आवाज येतो. कुणाचा, ते येत नाही. सुमन बोलते ती पत्र्याच्या डब्यातली बाई. डॉक्टर म्हणतात सवय होईल. म्हणजे मी आधीचं विसरेन.

७ डिसेंबर, रविवार

मिरजगाव. आई ज्वारी पाखडत होती. मशीन काढलं, तिच्याजवळ खाली बसलो, डावा कान सुपाशेजारी नेला. ती घाबरली. "काय रं, काय झालं?" सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही. जरा जोरानं पाखडायला लागली. दाणे वर जाताना काही नाही, खाली येताना सरी, आणि टोकाला खडे वेगळे होतात तो कर्रर्र. आला. खात्रीनं सांगतो, आला. की आठवला, ते सांगता येत नाही.

निघताना आई कानात म्हणाली, "मला बी न्हाई ऐकू यत आता. कुनाचं काय अडलंय?" तिला शहाऐंशी वर्षं झाली, मला त्रेपन्न. तिला काय सांगू.

१६ डिसेंबर, मंगळवार

घाई सुटलीय. दिवसभर मशीन काढून आवाजांच्या मागे हिंडतो. दुधाची पिशवी कात्रीनं कापल्याचा. समोरच्या वाण्याचं शटर, शेवटच्या हातभराला अडकून सुटतं ते. उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रिकामी परतताना खळखळते. सुमन केसात आकडा खोवताना आधी दातात धरते, तेव्हा जी गुणगुण... ती गेली. ती आधीच गेलीय. कधी शेवटची ऐकली, आठवत नाही, कारण तेव्हा ती शेवटची आहे हे माहीत नव्हतं.

पापड माझ्या तोंडात वाजतो. तिच्या तोंडात वाजत नाही. ती समोर बसून खाते, ओठ हलतात, जशी काही गादी खातेय. आज हसायला आलं आणि मग ताट सरकवून उठलो. सुमनला वाटलं तिच्यावर चिडलो. काही तरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. ती मोठ्यानं बोलली. आम्ही सत्तावीस वर्षांत भांडणाशिवाय मोठ्यानं बोललो नव्हतो.

सारखं हेच चालणार का. ती ओरडणार, मी हं म्हणणार.

मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा, मॅडम म्हणाल्या. नंतर ऐकू कशानं?

२८ डिसेंबर, रविवार

काल पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे. वयस्कर, हात स्थिर. हात बघितले मी, पाच मिनिटं फक्त हातच बघत होतो. म्हणाले, करतो, पण मला आवडणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर मशीन लावून गप्प बसलो असतो. मी विचारलं, तुमच्या जागी तुम्ही असता आणि हात थरथरायला लागले असते तर? त्यांनी फॉर्म दिला. दोघांची सही लागते, माझी आणि बायकोची. यायचं असेल तर सहा तारखेला.

एसटीत सुमन खिडकीशी बसली, माझ्या उजव्या बाजूला. मेलेल्या कानाकडे. नगर येईपर्यंत खिडकीकडंच तोंड करून बोलत होती. मला माहीत होतं ती बोलतेय. काचेत दिसत होतं. काय, ते विचारलं नाही.

४ जानेवारी, रविवार

दुपार. फॉर्म टेबलावर. आठवडाभर दोघांनी त्याला हात लावला नव्हता. सुमन म्हणते, आहे ते पुरे. अर्धं तरी येतंय. मी म्हणतो, अर्ध्यातलं अर्धं रोज जातंय, मला दिसतंय. ती म्हणते, आणि सगळंच गेलं तर? मी म्हणतो, तर गेलं. ती म्हणते, तुमचं गेलं तर गेलं. मी कुणाशी बोलू?

मशीन काढलं. म्हटलं, इकडे ये, डाव्या बाजूला बस, आणि काहीतरी बोल. काय बोलू, म्हणाली. काहीही. तिला सुचेना. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणारी बाई, बोल म्हटल्यावर गप्प. पदर बोटाला गुंडाळत बसली. मग समोरचा फॉर्म उचलला आणि माझ्या कानाशी तोंड आणून वाचायला लागली.

ती मोठ्यानं वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. शाळेतल्या मुलीसारखं वाचते. पूर्णविरामाला थांबते, श्वास घेते, मग पुढचं. 'रुग्णाचे नाव.' माझं पूर्ण नाव, वडिलांसकट. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. डब्यातली बाई नाही. सुमन. आवाजात किंचित खर, सर्दी झालीय.

'शस्त्रक्रियेमुळे उर्वरित श्रवणशक्ती पूर्णपणे व कायमस्वरूपी जाऊ शकते, याची मला कल्पना देण्यात आली आहे.' इथं थांबली. मी म्हटलं, पुढे. तिनं पुढे वाचलं, खालच्या दोन रेघांपर्यंत, जिथं सह्या करायच्या. तिथं गप्प झाली.

म्हटलं, परत वाच. पहिल्यापासून.

आता तिसऱ्यांदा वाचतेय. एका हातानं हे लिहितोय, कान तिच्याकडे आहे. पेन एकच आहे घरात चालणारं, ते माझ्या हातात. ती त्याच्याकडे बघत बघत वाचतेय, आणि पूर्णविराम आला तरी थांबत नाहीये