चिकटवलेल्या मिशा

मी, बळवंत सखाराम तोरसकर, वय ७१, पार्ल्याच्या एका कॉलेजातला निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार दहिसर पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जबरदस्ती कोणाची नाही, लाज मात्र वाटते आहे.

१. दहिसरची खोली पत्नी नलिनी हिच्या एकटीच्या नावे. माझ्या पेट्यांमधल्या डांबरगोळ्यांचा वास तिने जन्मभर सोसला.

२. निवृत्तीला मिळालेले भिंतीवरचे घड्याळ कॉलेजला परत करावे. त्यावर माझे नाव यशवंत असे कोरले आहे.

३. भिंग, चिमटे आणि भुंगेऱ्यांच्या सात पेट्या मुलगी रुचिरा हिला. हे लांब मिशांचे भुंगेरे. आमच्या कोकणात आंब्याचे खोड पोखरणारे जे भिरूड म्हणतात, ती यांचीच अळी. मिशांची लांबी, त्यांची पेरे आणि पाठीवरचे ठिपके बघून जात ठरवतात. मी दहावी नापास, पण या कामात कॉलेजात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

४. आमच्या कॉलेजातले कीटकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. हर्षद कुर्तडकर यांना काहीही नाही. १९९८ साली पेटी त्यांच्या हातून पडली आणि बोलणी मी खाल्ली. दोन भुंगेऱ्यांच्या मिशा तुटल्या. मी त्या डिंकाने चिकटवल्या, आणि घाईत एकाच्या दुसऱ्याला लावल्या. दुसऱ्या दिवशी चूक माझ्या लक्षात आली, पण तोवर साहेब नवी जात सापडली म्हणून नाचत होते. मी म्हटले, "सर, त्या मिशा त्याच्या नाहीत."

"बळवंत, तू बाटल्या धू रे. हे तुझं काम नाही."

मी बाटल्या धुतल्या. त्या जातीच्या जोरावर साहेब मोठे झाले. मी नंतर गप्प राहिलो तो घाबरून नव्हे. एक दिवस तोंडघशी पडतील, याची वाट बघण्यात मला सुख होते.

५. पुढे रुचिराने त्यांच्याच हाताखाली पीएचडी धरली, विषय तीच जात. मी नको म्हटले तर म्हणाली, "बाबा, सरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं ना!" ते मला झोंबले. म्हटले, शोध मग. चार पावसाळे ती बोरिवलीच्या जंगलात तो भुंगेरा शोधते आहे, जो माझ्या डिंकातून जन्मला. तिच्या पायातले काटे मीच सुईने काढतो आणि तोंड उघडत नाही. सूड साहेबांवर उगवायचा होता, भोगते आहे माझी पोर.

६. पुरावा सातव्या पेटीत, डाव्या कोपऱ्यात आहे. तो त्या दोघांतला दुसरा. रुचिरा, त्याच्या मिशांच्या मुळाशी कोमट पाण्याचा थेंब सोड, गळून पडतील. मग कॉलेजातल्या भुंगेऱ्यालाही तसेच कर. साहेबांसमोर कर.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. पण डॉक्टर म्हणतात मी अजून दहा वर्षे जगेन, आणि पोर जूनमध्ये पुन्हा जंगलात निघाली आहे. म्हणून कलम चार ते सहा साक्षीदार शीतल यांनी आज संध्याकाळीच तिला वाचून दाखवावीत. मला ते जमणार नाही. मी तेव्हा आतल्या खोलीत बसलेला असेन. तिने हाक मारली तर बाहेर येईन. नाही मारली, तर तेही मला मंजूर आहे.

ठिकाण : दहिसर
दिनांक : १८ मे २०२५

सही : ब. स. तोरसकर

साक्षीदार :
१. शीतल मोहन नार्वेकर, शेजारी
२. चंद्रप्रकाश हरी भोईर, निवृत्त सहकारी